पान किती तास ओलं होतं

नवरात्रात माहेरी गेले होते. बाहेर भुरभुर चालू, अंगणात पाय टेकवायला कोरडी जागा नाही, आणि माजघरात टेबलफॅन पूर्ण वेगानं फिरत होता. गारठ्यानं आई गोधडी पांघरून बसलेली, आप्पांच्या कानाला मफलर, तरी पंखा आपला जाळी थरथरेपर्यंत चाललेला. त्याचं तोंड माणसांकडे नव्हतंच, भिंतीलगत पसरलेल्या बटाट्यांकडे होतं. माजघर, पडवी, जिन्याखालची जागा, पलंगाखालचा अंधार, जिथं म्हणून जागा सापडली तिथं गोणपाट अंथरून बटाटे सुटे सुटे मांडले होते, एकाला दुसऱ्याचा स्पर्श होणार नाही अशा बेतानं. रात्री जेवताना भाच्यानं विचारलं, "आत्या, बटाट्यांना गरम होतंय का गं?" सगळे हसले. वहिनी हसली नाही. ती ताटावरून उठली, पंखा जरासा डावीकडे वळवला, कोपऱ्यातल्या बटाट्यांवर वारा पोचतोय ना ते हाताच्या तळव्यानं पाहिलं, आणि परत येऊन बसली. रात्रभर पंखा चालू होता. वीज गेली की आवाज थांबायचा आणि त्या थांबण्यानंच घर जागं व्हायचं. अंधारात कुणीतरी पुटपुटायचं, "गेली का?" वीज येईपर्यंत मग कुणाचाच डोळा लागायचा नाही.

पुण्याला परतले तर शेजारच्या काकूंनी जिन्यातच विचारलं, "गावाकडे पाऊस छान झाला म्हणे यंदा!" त्या मनापासून, आनंदानं म्हणाल्या. मी "हो" म्हटलं आणि घरात आले. पण ते "छान" दिवसभर मनातून जाईना. दुष्काळ पडला असता तर त्यांनी वेगळ्या आवाजात विचारलं असतं. ओढ्याला पूर येऊन घर पडलं असतं तरी वेगळ्या आवाजात विचारलं असतं. इथं दुष्काळही नव्हता आणि पूरही. नुसतं ओलं होतं. महिनोन्‌महिने ओलं. त्याबद्दल कोणत्या आवाजात बोलायचं हे आपल्याकडे अजून ठरलेलंच नाही.

पुणे-नाशिक रस्त्यानं खेडचा घाट चढून वर आलं की पेठ लागतं. तिथून कुरवंडी, कोल्हारवाडी, थूगाव, भावडी, कारेगाव, पारगाव असं आमचं सातगाव पठार. देशात बहुतेक ठिकाणी बटाटा म्हणजे थंडीतलं पीक. आमच्याकडे तो पावसात लावतात. पठार उंचावर, वारा गार, जमीन हलकी, उताराची, पडलेलं पाणी धरून न ठेवणारी. बटाटा जमिनीत पोसायला रात्री गार लागतात, त्या आम्हाला पावसाळ्यातच मिळतात. म्हणून जूनमध्ये लावणी आणि गणपती-नवरात्राच्या सुमाराला काढणी, उपवासाच्या दिवसांत नवा बटाटा मंचर-खेडच्या बाजारात. पठाराला पाऊस नको असं कसं म्हणेन? सगळं त्याच्यावरच आहे. पण तो यावा, मग दोन दिवस उघडावं, रानात वाफसा यावा, म्हणजे जादा पाणी निघून माती कामाजोगी व्हावी, खुरपणी व्हावी, सरीला भर लागावी, आणि मग पुन्हा यावा. आप्पा याला पावसाचं चालणं म्हणतात. पाऊस चालला पाहिजे, बसता कामा नये.

यंदा तो बसला.

२०२५ साली मोसमी पाऊस मुंबईत २६ मेलाच पोचला, एरवीच्या ११ जूनच्या दोन आठवडे आधी. त्याच्याही आधी मे महिन्यात वळवानं झोडपून काढलं होतं. शहरात सगळे सुटकेचा श्वास टाकत होते, उन्हाळा टळला म्हणून. पठारावर मात्र रान तापलंच नाही. उन्हाळी नांगरट झाली की ढेकळांना महिनाभर कडक ऊन लागावं लागतं. त्यात किडींचे कोष मरतात, हरळीची मुळं वाळतात, माती मोकळी होते. ते झालं नाही. पुढं जूनमध्ये कुळव घालायला वाफसा मिळेना. बेणं, म्हणजे लावायचे बटाटे, मात्र येऊन पडलेलं, पंजाबातल्या शीतगृहातून निघालेलं, डोळे फुटायला लागलेलं. एकरी सहा-सात क्विंटल बेणं लागतं आणि बटाट्याच्या खर्चात सगळ्यात मोठा घास तेच घेतं. ते ना परत पाठवता येतं, ना फार दिवस घरात ठेवता येतं. शेवटी एक दिवस जरा उघडीप दिसली तशी दादानं लावणी उरकली. खरिपात आम्ही बेण्याच्या फोडी करत नाही, अख्खा लहान बटाटा लावतो, कारण कापलेल्या अंगातून ओल आत शिरते आणि जमिनीतच कुजकं होतं. अख्खं लावूनही यंदा व्हायचं ते झालंच. आप्पा रोज सकाळी रानात जाऊन एखाद्या जागी बोटानं माती उकरून बघायचे. मी गेले तेव्हा त्यांनी मलाही दाखवलं. वरून बघावं तर बटाटा चांगला, दोन डोळ्यांतून पांढरे, जाड, टवटवीत कोंभ आलेले. उलटा केला तर खालची बाजू अंगठ्यानं दाबली जात होती. दाबलं तसं सालीतून दुधट पाणी आलं आणि असा वास आला की मी मान फिरवली. आप्पांनी फिरवली नाही. त्यांनी तो बटाटा पुन्हा मातीत ठेवला, वर माती सारली. "कोंभ जोराचा हाय," म्हणाले, "जगंल कदाचित."

जमिनीतल्या बटाट्याला श्वास लागतो, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. मातीच्या कणांमधली हवा पाण्यानं भरली की तो गुदमरतो. सालीवर जे बारीक ठिपके असतात, ती त्याची श्वासाची भोकं. ओल फार दिवस टिकली की ती भोकं उमलतात, फुगून पांढरी होतात, बटाट्यावर पुरळ उठल्यासारखं दिसतं. शहरात ग्राहक असा बटाटा हातात घेऊन म्हणतात, "काहीतरी रोग दिसतोय," आणि बाजूला ठेवतात. तो रोग नसतो. पण त्या उघड्या भोकांतून सडवणारे जिवाणू मात्र आत जातात, म्हणजे तसं म्हणणारे अगदी चूकही नसतात.

आणि मग श्रावण. पठारावरची झड ज्यांनी पाहिलीय त्यांना कळेल. जोराचा पाऊस नाहीच. ढग रानावर टेकलेले, समोरचा बांध दिसत नाही, हवेतच पाणी लोंबतंय. छत्री घेऊन उपयोग नाही, न घेऊनही चालत नाही. अशा हवेत करपा येतो, बटाट्याचं पान काळं करून टाकणारा रोग. तापमान दहा ते वीस अंश, हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या वर आणि पान तासन्‌तास ओलं, एवढं जमून आलं की त्याला बाकी काही नको. तो खऱ्या अर्थानं बुरशी नव्हे, पाण्यात राहणाऱ्या शेवाळांच्या जवळचा जीव. गारव्यात त्याच्या बीजाणूंतून शेपट्यांची पिल्लं सुटतात आणि पानावरच्या पाण्याच्या पातळ थरात अक्षरशः पोहत पोहत आत शिरायची जागा शोधतात. पान सुकलं की मरतात. सगळा खेळ त्या थराचा आहे. सकाळी लवकर पान उलटं करून पाहायचं. कडेला शेवाळी-काळा डाग आणि त्याच्या भोवती पांढरं, पिठासारखं मऊ कडं दिसलं की समजायचं. डाग पसरत जातात, आणि दोन-चार दिवसांत हिरवं रान उकळत्या पाण्यानं पोळल्यासारखं काळं पडतं. त्या रानाला वास येतो. बांधावरून चाललं तरी येतो, गोडसर, कुजका. लहानपणी आम्ही शाळेतून येताना त्या वासावरून सांगायचो, कुणाच्या रानात करपा आलाय. घरी येऊन सांगितलं की आई तोंडावर बोट ठेवायची. दुसऱ्याच्या रानाचं असं मोठ्यानं बोलू नये.

दादा औषध मारतो. त्यालाही पान सुकं लागतं. ओल्या पानावर मारलेलं औषध ओघळून जातं, मारल्यावर दोन तास तरी पाऊस नको. म्हणून पाठीवर पंप बांधून तो बांधावर उभा राहतो आणि आभाळाकडे बघतो. चिकटद्रव घालतो, पुन्हा मारतो. शेवटी शेवटी तो हिशेब ठेवायचाही सोडून देतो, आणि हे मला फार लागतं, कारण माझा भाऊ पैशाचा हिशेब सोडणारा माणूस नाही. कुफरी ज्योती हे बटाट्याचं वाण १९६८ साली निघालं, ते करप्याला दाद देत नाही म्हणून. सिमल्याजवळच्या कुफरी गावात, अशाच गार-ओल्या डोंगरावर, या वाणांची निवड होते म्हणून सगळ्यांच्या नावाआधी कुफरी. आप्पांच्या तरुणपणी ज्योतीवर खरंच करपा फारसा टिकत नसे. पुढं रोग बदलला, ज्योतीची ती ताकद ओसरली. हाच रोग १८४५ मध्ये आयर्लंडवर गेला होता. तिथं गोरगरिबांच्या ताटात बटाट्याशिवाय दुसरं काही नव्हतं, दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. आमच्या ताटात बाजरीची भाकरी आहे, म्हणून पठारावर करप्यानं उपासमार होत नाही. सोसायटीचं कर्ज थकतं, सोनं गहाण पडतं, एखाद्या मुलीचं शिक्षण बारावीला थांबतं.

हे सगळं लिहिताना मला तोच पाऊस आवडतो हेही लिहिलं पाहिजे. झडीच्या दिवसांत चुलीच्या निखाऱ्यात भाजलेला बटाटा, त्याची करपलेली साल, आत वाफाळलेला पांढराशुभ्र गर आणि वर मीठ, यापेक्षा चांगलं मी आजवर काही खाल्लेलं नाही. बांधावर फुललेला तेरडा, धुक्यातून ऐकू येणाऱ्या बैलांच्या घुंगरमाळा, ओल्या घोंगडीचा वास. पुण्यात पावसाची पहिली सर आली की माझं मन अजूनही पठारावर धावतं. आणि त्याच क्षणी हात फोनकडे जातो, तिकडं उघडलंय का विचारायला. या दोन्ही गोष्टी माझ्यात एकदमच होतात, एकीमुळे दुसरी कमी झाली असं कधी झालं नाही.

घरातली ओल मोजायला तर कुणी येतच नाही. कपडे वाळत नाहीत. चुलीच्या वर दोरी बांधून वाळवले तर सगळ्यांच्या अंगाला धुराचा वास, पोरं शाळेत तोच वास घेऊन जातात. मिठाला पाणी सुटतं. काडेपेटी डब्यात घालून डबा चुलीशेजारी ठेवावा लागतो. गोवऱ्या ओल्या, सरपण ओलं, आणि धूर असा की आईचे डोळे पावसाळाभर लाल. उन्हाळ्यात घातलेल्या कुरडया आणि बटाट्याचा कीस मऊ पडतो, डाळीत किडे होतात, गोधड्यांना कुबट वास लागतो. गोठ्यात चिखल, गाई चिखलातच उभ्या, त्यांची खुरं मऊ होतात, दूध कमी होतं. वहिनीच्या पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या होत्या. रात्री ती बेचक्यांत हळद आणि खोबरेल तेल भरायची, सकाळी पुन्हा त्याच चिखलात जायची. मी मलम आणून दिलं. ती म्हणाली, "ताई, मलमानं बरं होईल, पण पाय दोन दिवस कोरडा ठेवा म्हणून लिहिलंय त्याच्यावर."

माझ्या डोक्यात हे फिरतंय ते इथून. पाऊस किती पडला हे आपण मोजतो. किती वेळ ओलं राहिलं हे मोजत नाही. चोवीस तासांत महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी. मग पंचनामा, मग मदत. २०२३ च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारनं सततच्या पावसालाही आपत्ती मानलं, ते योग्यच झालं. पण त्याचंही माप मिलिमीटरचंच: १५ जुलै ते १५ ऑक्टोबर या काळात सलग पाच दिवस, रोज किमान दहा मिलिमीटर, आणि पुढं आणखी अटी. आमच्या पठारावर एखाद्या दिवशी बारा पडतो, दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी पर्जन्यमापकात तळाला नुसतं ओलं दिसतं. कागदावर तो दिवस कोरडा. आणि त्या दिवशीही सूर्य दिसलेला नसतो, पान सुकलेलं नसतं, करप्याची पिल्लं पोहत असतात, पंप भरलेला तसाच राहतो. झडीतला चार मिलिमीटर हा ऊन-सावलीतल्या चाळीसपेक्षा बटाट्याला महाग पडतो, हे पठारावरचा कुणीही सांगेल. नियमात मात्र चाळीस मोठा आणि चार लहान.

काढणीला तर याची कमालच झाली. पाला केव्हाच करपून गेलेला, बटाटा जमिनीत तयार, आणि रान इतकं ओलं की नांगर घालावा तर मातीचे तवे निघतात आणि बटाटा त्यात चिणून बसतो. थांबावं तर आत सडतो. पावसानं वरंबे धुऊन गेले होते तिथं बटाटे उघडे पडून हिरवे झाले. ते विकायचे नाहीत, खायचेही नाहीत. शेवटी माणसं लावून कुदळीनं काढले. वेचणाऱ्या बायांनी एकेक बटाटा हातात घेऊन अंगठ्यानं चिखल पुसला, मऊ लागला तो बाजूला टाकला. एरवी पठारावर झाडाखाली बटाट्याची आरण, म्हणजे रास, लावतात, वर गवत टाकून माल आठवडे ठेवतात, बाजार बघून काढतात. ओल्या मालाची आरण लागत नाही. एक सडका आतल्या आत दहा नासवतो. चिखलासकट बाजारात न्यावा तर व्यापारी वजनात घट धरतो आणि भावातही. धुवावा तर आणखी लवकर सडतो. उरला एकच मार्ग, घरात आणून सुकवायचा. तो पंखा त्यासाठी होता. सालीवरचं पाणी उडालं की सड थांबते, माती आपोआप झडते, मग गोणी भरता येते. ही युक्ती वहिनीची. तिच्या बचत गटाच्या कर्जाचा हप्ता त्याच बटाट्यांवर होता, हे मला निघताना आईनं सांगितलं.

त्या रात्री वीज गेली असताना मी वहिनीला विचारलं होतं, पंचनाम्याला कुणी आलं होतं का. ती पलंगाखाली हात घालून बटाटे उलटे करत होती, टॉर्च तोंडात धरलेली. टॉर्च काढून म्हणाली, "काय दाखवायचं त्यांना? आमचं काही वाहून नाही गेलं, ताई. नुसतं सडलं."

महावेध प्रकल्पात महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित हवामान केंद्रं बसवलेली आहेत. ती पावसाबरोबर हवेतली आर्द्रताही नोंदवतात. म्हणजे आकडा जमा होतोय, फक्त तो मदतीच्या नियमापर्यंत पोचत नाही. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनं तापमान आणि आर्द्रता धरून करप्याचा आगाऊ अंदाज देणारी इंडो-ब्लाइटकास्ट नावाची पद्धत तयार केलेली आहे. करपा आर्द्रतेनं येतो हे शास्त्राला मान्य, शेतकऱ्याला मान्य, मग भरपाईच्या वेळी तेवढी आर्द्रता कुठं जाते? ज्या मंडळात बटाटा आहे तिथं सलग इतके तास नव्वद टक्क्यांच्या वर आर्द्रता राहिली, एवढी एक ओळ नियमात आली तरी पठाराचं म्हणणं कागदावर दिसेल. तास किती ते शास्त्रज्ञांनी ठरवावं. आणि भरपाई हा तर शेवटचा भाग झाला. तोच आकडा रोज सकाळी फोनवर साध्या मराठीत आला, तर दादा करपा दिसायच्या आधी पंप पाठीवर घेईल.

मी हे दादाला बोलले तेव्हा त्यानं ऐकून घेतलं, आणि आप्पा उठून भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेऊन आले. दुधाचं माप त्यावर लिहायची आमच्याकडे जुनी पद्धत. यंदा प्रत्येक चौकोनात लिटरच्या आकड्याखाली त्यांनी निळ्या पेनानं काहीतरी लिहिलं होतं. "ऊन नाही." "दुपारी जरा." "ऊन नाही." "पान ओलं." "पान ओलं." ऑगस्टचं पान जवळजवळ भरलेलं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दादानं पानाचा फोटो काढला, मग म्हणाला फोटो नको, झेरॉक्सच जोडू. दुसऱ्या दिवशी आम्ही तालुक्याच्या कृषी कार्यालयासाठी अर्ज लिहिला: आमच्या मंडळातल्या केंद्राची जून ते सप्टेंबरची आर्द्रतेची नोंद मिळावी, आणि बटाट्याचं नुकसान धरताना ती विचारात घ्यावी. मजकूर मी सांगितला, अक्षर वहिनीचं, कारण तिचंच घरात सगळ्यात चांगलं. खाली संपर्कासाठी एका नंबरची जागा होती. वहिनीनं दादाचा लिहिला, त्याच्या पुढं स्वल्पविराम देऊन आपला, आणि त्या खाली माझा पुण्याचा, कारण झड लागली की पठारावर कुणाचा फोन लागेल आणि कुणाचा नाही याचा भरवसा नसतो.